प्रेंटिससाहेबांचं राहिलेलं वर्ष

फुटबॉल गोल असतो, अशी वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत माझी समजूत होती. मग एका शुक्रवारी सकाळी, कुवेतमधल्या अहमदीच्या आमच्या पाइप यार्डामागच्या उघड्या माळावर, एक उंच, किंचित वाकलेला गोरा माणूस पपईच्या आकाराचा तांबडा चेंडू लाथाडताना मी पाहिला, आणि ती समजूत गेली.

सुट्टीचा दिवस होता. आदल्या दिवशी चष्मा ऑफिसात विसरला म्हणून मी आलो होतो. माळावर ड्रिलिंगचे चार जुने पाइप रांगेत उभे पुरलेले दिसले, मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. तो माणूस खाली वाकून चिमूटभर वाळू उचलायचा, हवेत सोडायचा, ती कुठे उडते ते बघायचा. मग चेंडू हातातून सोडून पायाने मारायचा. चेंडू मधल्या दोन पाइपांमधून पार जायचा. तिथवर तो चालत जायचा, चेंडू उचलायचा आणि पलीकडच्या बाजूने पुन्हा मारायचा. दुसरं कोणी नव्हतं. वाळूत त्याच्या बुटांची पायवाट पडली होती.

मला पाहून तो चपापला. "मिस्टर मुकादम, आज सुट्टी आहे."

"चष्मा विसरलो, साहेब."

"अच्छा. मी जरा वारा बघत होतो," तो म्हणाला आणि चेंडू पाठीमागे धरला.

हे वॉली प्रेंटिससाहेब. एका कंत्राटदार कंपनीच्या पाइप यार्डाचे प्रमुख, आणि मी त्यांचा टाइपिस्ट. पन्नासचं दशक अर्धं सरलं होतं. कुवेतमध्ये तेव्हा अजून आपलाच रुपया चालायचा आणि आमच्या दाभोळ, हर्णै बाजूचे पुष्कळ लोक स्वयंपाकी, खलाशी, कारकून म्हणून तिथे होते. साहेब इराणातल्या आबादानहून आले होते. वय पन्नाशीच्या आतबाहेर. बाकीचे गोरे आम्हा सगळ्यांना सरसकट 'बाबू' म्हणत. हे एकटे नावापुढे 'मिस्टर' लावत, तेही शिपायापासून सगळ्यांना. आमचं बोलणं इंग्रजीत चाले, मध्येच त्यांचं मोडकंतोडकं हिंदी.

खुर्चीवर ते कधी पूर्ण टेकून बसले नाहीत. कडेवर बसायचे, कोणी हाक मारली तर लगेच उठता यावं तसे. डाव्या हाताची करंगळी मोडून वाकडी जुळली होती. अवघड काही बोलायचं असलं की उजव्या हाताने ती करंगळी धरायचे. चहा कोरा, इनॅमलच्या मगातून. गोऱ्यांच्या क्लबात टेनिस, क्रिकेट, शनिवारची मेजवानी, सगळं असायचं. पहिल्या वर्षी त्यांना बोलावणी आली, पुढे थांबली. साहेबलोकांत ते ऑस्ट्रेलियातल्या बंदरावरचे हमालपुत्र होते आणि आमच्यात ते साहेब होते. दोन्हीकडे त्यांची खुर्ची जरा बाजूलाच असायची.

दर दोन वर्षांनी लांब रजा मिळे. मी तर रजेचे दिवस भिंतीवर रेघा मारून मोजायचो. गावी बायको आणि दोन मुली. साहेब रजेत बसऱ्याला जायचे, बैरुतला जायचे, एकदा मुंबई बघून आले. घरी कधी गेले नाहीत. मी एकदा विचारलं तेव्हा करंगळी धरून म्हणाले, "फार लांब आहे, मिस्टर मुकादम." लांब तर होतंच. पण ते अंतर बोटीचं नव्हतं हे मला फार उशिरा कळलं.

त्यांचा तो खेळ मला समजला तो त्यांच्याच तोंडून. एका बाजूला अठरा गडी. मैदानही चेंडूसारखंच लांबट गोल. चेंडू हाताने पकडायचा, पायाने मारायचा, घेऊन पळायचं. मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, कडेच्या खांबांतून गेला तर एक. उंच आलेला चेंडू उडी मारून हवेत झेलला की त्याला 'मार्क' म्हणायचं. मग तुम्हाला कोणी हात लावायचा नाही, तुम्ही निवांत मारायचा. "आणि जमिनीवर पडला," साहेब सांगायचे, "तर मात्र परमेश्वर जाणे. गोल चेंडू सरळ उडतो. हा कुठे उडेल ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं."

ते दक्षिण ऑस्ट्रेलियात एका बंदरावरच्या क्लबातून खेळले होते. राज्याच्या लीगमधला जुना क्लब. त्याचं नाव ते क्वचितच घेत. नुसतं 'क्लब' म्हणत, आपण 'गाव' म्हणतो तसं. गव्हाची पोती वाहणाऱ्या धक्क्यावरच्या हमालांनी तो काढला. पहिलं मैदान म्हणजे गाईंचं कुरण होतं, सामन्याआधी गाई हाकाव्या लागत. एक बेकरीवाला होता, तो भट्टीवरून थेट यायचा. त्याने चेंडू झेलला की चेंडूवर पिठाचे पंजे उमटायचे. एक पाद्री होता, तो बिशपच्या भीतीने दुसऱ्याच नावाने खेळायचा, आणि त्याच्याच चर्चमधले लोक कठड्याला टेकून त्याला त्या खोट्या नावाने ओरडून प्रोत्साहन द्यायचे. एक कप्तान एका डोळ्याने अधू होता. कोणत्या डोळ्याने ते त्याने प्रतिस्पर्ध्यांना कधी कळू दिलं नाही. हे सगळं सांगताना साहेब खुर्चीवरून उठून उभे राहायचे. एरवी दिवसात वीस वाक्यं न बोलणारा माणूस.

एकदा त्यांनी सामना भरवायचा घाट घातला. छत्तीस माणसं जमली नाहीत, बावीस जमली. बलुची पहारेकरी, दोन पॅलेस्टिनी मेकॅनिक, गोव्याचा एक फिटर, आणि उरलेले सगळे आमचे कोकणी. नियम कोणालाच उमगले नव्हते. पहिल्या पाच मिनिटांत बलुची लोकांनी चेंडू सोडून एकमेकांनाच धरलं. पण आमच्यात इब्राहिम तांडेल होता. पूर्वी गलबतावर खलाशी, आता यार्डात क्रेनवाल्याला हाताने इशारे देणारा. धक्क्यावरून फेकलेली पोती होडीत उभं राहून झेलण्यात त्याची जवानी गेली होती. साहेबांनी मारलेला चेंडू आभाळातून खाली आला तसा इब्राहिम लुंगी खोचून तीन माणसांच्या वर उडाला आणि पोतं झेलावं तसा चेंडू छातीशी घेऊन उतरला.

साहेब मैदानातच थांबले. "मार्क!" ते ओरडले. "मिस्टर मुकादम, पाहिलंत? हे हात बघा या माणसाचे!" त्यांनी इब्राहिमचे दोन्ही हात धरून हलवले. आम्ही त्यांना हसताना पाहिलं ते त्या दिवशी.

मग धुळीचं वादळ आलं आणि खेळ मोडला. पुढच्या शुक्रवारी चारच माणसं आली, त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी एकटा. मला तर चेंडू लागेल म्हणून भीती वाटायची. साहेब म्हणाले, "राहू दे, मिस्टर मुकादम. तुम्ही फिंतासला जा, तुमच्या लोकांत बसा." मी गेलो. फिंतासच्या किनाऱ्यावर आमची माणसं जमायची, मासे भाजायची. परतताना लांबून पाहिलं तर माळावर ते एकटेच चेंडूमागे चालत होते.

इब्राहिम म्हणाला, "मुकादमभाई, ह्या बाबाला घरी कोन नाय काय वो?"

"असेल. मला काय माहीत?"

"मंग कागद येत नाय कधी तेंचा."

ते खरं होतं. डाकेची पिशवी मीच उघडायचो.

आणि मग एक पत्र आलं. क्लबाच्या सेक्रेटरीचं. क्लबाचा मोठा वाढदिवस येत होता आणि समिती त्याचा इतिहास छापणार होती. जुन्या कप्तानाने आपल्या काळातल्या खेळाडूंच्या आठवणी लिहून पाठवाव्यात, अशी विनंती होती. साहेब कप्तान होते हे मला तेव्हाच कळलं. त्यांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि विचारलं, "गुरुवारी काम संपल्यावर एक तास द्याल?"

तीन-चार महिने दर गुरुवारी दुपारी ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेलो. दाभोळजवळच्या खेड्यातला मी, पण त्या क्लबाचे सगळे गडी मला नातेवाइकांसारखे पाठ झाले. कोणाचा गुडघा कधी गेला, कोणाचं लग्न सामन्याच्या दिवशी लागलं. साहेब वर्षावर्षाने पुढे जात होते. एका गुरुवारी मला वाटलं पान हरवलं.

"साहेब, मधलं एक वर्ष राहिलं."

"त्या वर्षी काही झालं नाही."

"पण मागच्या पानावर तुम्ही सांगितलंत, संघ अंतिम सामन्याला पोचला."

त्यांनी करंगळी धरली. "पुढचं वर्ष घ्या, मिस्टर मुकादम."

मी घेतलं. कागदांची चळत त्या एका वर्षापाशी अडून राहिली. पूर्णही होईना, पाठवताही येईना.

पुढे हिवाळ्यात यार्डात अपघात झाला. ट्रकवरून पाइपांची मोळी उतरवत होते. मी खिडकीशी टाइपरायटरवर होतो, समोरचं सगळं दिसत होतं. इब्राहिम खाली उभा राहून क्रेनवाल्याला इशारे देत होता. साहेब त्याच्या मागे दहा पावलांवर, हातात यादी, मान खाली. इब्राहिमला बाजूच्या कोणीतरी हाक मारली. त्याने वळता वळता हात खाली केला. क्रेनवाल्याला वाटलं, सोड. मोळी आदळली, साखळी तुटली, पाइप गडगडत सुटले. दोघे बलुची उडी मारून वाचले. एक नवा ट्रक चेपला. माणूस मेला नाही, ही अल्लाची मेहेरबानी.

तासाभरात मॅनेजर आला. इशारा कोणाचा होता, हा त्याचा एकच प्रश्न. इब्राहिमचे ओठ पांढरे पडले होते. त्याच्या घरी सात माणसं त्याच्यावर. "उद्याच्या बोटीने याला परत पाठवा," मॅनेजर म्हणाला.

साहेब पुढे आले. "इशारा माझा होता."

"तुझा? तू तर यादी तपासत होतास म्हणे."

"मी मागून हात खाली केला. क्रेनवाल्याने माझ्याकडे पाहिलं. याचा काही संबंध नाही."

मॅनेजरने क्रेनवाल्याकडे पाहिलं. तो गोंधळला, मग मान डोलावली. मॅनेजरने खिडकीकडे वळून मला विचारलं, "तू इथून काय पाहिलंस?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. "मी टाइप करत होतो, सर," मी म्हणालो.

साहेबांचा करार आणखी काही महिन्यांनी संपणार होता. तो वाढवणार नाही असं त्यांना त्याच आठवड्यात कळवलं गेलं. इब्राहिम संध्याकाळी माझ्या खोलीवर आला आणि दारातच बसला. "मुकादमभाई, हात माजाच व्हता. त्यांनी खोटा कशाला सांगितलान?" मी त्याला आत बोलावलं, तो उठेना. "जाऊन पाय धरू काय त्यांचं?"

"नको," मी म्हणालो. "त्यांना आवडणार नाही."

त्या गुरुवारी कामानंतर साहेब नेहमीसारखे खुर्चीच्या कडेवर बसले. "राहिलेलं वर्ष घ्या," म्हणाले.

अंतिम सामना. शेवटचं मिनिट. क्लब तीन गुणांनी पुढे. चेंडू उंच, क्लबाच्या खांबांकडे येत होता. त्याच्याखाली लेन डॅगेट उभा होता, साहेबांचा शाळेपासूनचा जोडीदार. दोघे एकाच गल्लीतले, एकाच धक्क्यावर पोती वाहणारे. लेनचे हात वर गेले होते. तो झेल त्याचाच होता. मागून वॉली प्रेंटिस धावत आला आणि ओरडला, "सोड, माझा!" ओरडणाऱ्याला चेंडू द्यायचा, हा त्यांचा नियम. लेनने हात खाली घेतले. त्याच क्षणी समोरचा धिप्पाड गडी गुडघे वर करून उडी घेताना वॉलीला दिसला. "आणि मी थांबलो," साहेब म्हणाले. "अर्धं पाऊल. भीती वाटली. दुसरं काही नाही." चेंडू दोघांच्या मध्ये पडला, उडाला तो समोरच्याच्या हातात. सहा गुण. घंटा.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं: डॅगेट हात खाली सोडून बघत राहिला. वॉलीचं ओरडणं गर्दीच्या आवाजात कोणी ऐकलं नव्हतं. कपडे बदलायच्या खोलीत लेनने त्याच्याकडे एकदा पाहिलं. वॉली बुटाची नाडी सोडत राहिला. लेन काहीच बोलला नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. धक्क्यावर लोक लेनबरोबर जेवायला बसेनात. त्याच्या आईला दुकानात टोमणे ऐकावे लागले. त्याने क्लब सोडला. पुढच्या हंगामात क्लबाने वॉलीला कप्तान केलं.

"तुम्ही ते पद घेतलंत?" मी विचारलं. मी विचारायला नको होतं.

"घेतलं."

लढाई लागली, लेन सैन्यात गेला आणि न्यू गिनीच्या जंगलात मारला गेला. लढाई संपल्यावर साहेबांनी परदेशी नोकरी धरली, ती आजतागायत.

हे सगळं त्यांनी एका सुरात सांगितलं. मी टाइप केलं. त्यांनी दोन प्रती काढायला सांगितल्या. एक क्लबाला. दुसरी लेनच्या बहिणीला, डॉरिसला, ती अजून त्याच गल्लीत राहत होती.

क्लबाचं उत्तर आधी आलं. सेक्रेटरीने फार सभ्यपणे लिहिलं होतं. आठवणी अनमोल आहेत, पाद्रीबुवांचा किस्सा वाचून समिती पोट धरून हसली. परंतु त्या एका सामन्याबद्दल इतक्या वर्षांनी नवा वाद नको, जुन्या सभासदांच्या मनात तो सामना जसा आहे तसाच राहू द्यावा, असं समितीचं मत पडलं. पुढे पुस्तक आलं. साहेबांचा कप्तान म्हणून पानभर फोटो होता. त्या वर्षाखाली एकच ओळ होती, डॅगेटच्या चुकीने विजेतेपद हुकल्याची.

साहेबांनी पुस्तक मिटून टेबलाच्या खणात ठेवलं, खण हळूच सरकवला. त्या दिवशी त्यांनी मला काही काम दिलं नाही.

डॉरिसचं पत्र त्यानंतर महिन्याने आलं. एकच पान. त्यांनी ते वाचलं आणि माझ्यापुढे सरकवलं. तिने लिहिलं होतं: "तुमचं पत्र मिळालं. आई गेल्या ऑगस्टात गेली. शेवटपर्यंत ती म्हणायची, माझा मुलगा असा हात सोडून उभा राहणाराच नव्हता. तुम्ही वर्षभर आधी लिहिलं असतंत तर मी तिला वाचून दाखवलं असतं. आता हे मी कोणाला वाचून दाखवू? तुम्हाला माफ केलं असं लिहावं असं पाद्री म्हणतात. मला अजून लिहिता येत नाही."

ऑफिसातला पंखा फिरत होता. मी पत्र परत दिलं. आमच्याकडे अशा वेळी माणसाच्या खांद्यावर हात ठेवतात. साहेबाच्या खांद्यावर टाइपिस्टाने कसा ठेवायचा? मी नाही ठेवला. आजवर मला त्याची रुखरुख आहे.

"उत्तर लिहायचंय, साहेब?" मी विचारलं.

"नाही. जाऊन भेटतो."

"बहिणीला?"

"ती दार उघडणार नाही कदाचित." त्यांनी पत्राची घडी केली. "गल्लीत अजून माणसं आहेत जुनी. धक्क्यावर आहेत. त्यांना सांगेन. एकेकाला सांगावं लागेल, वेळ लागेल. आता वेळ आहे."

करार संपायला पंधरा दिवस होते. ऑफिसात निरोप समारंभ झाला नाही. मॅनेजरने दारातून हात हलवला. इब्राहिमने स्वतः विणलेलं माशांचं छोटं जाळं त्यांना दिलं. त्याला दुसरं काही करता येत नव्हतं. साहेबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाले, "मिस्टर तांडेल, हे मी वापरीन." इब्राहिमला जन्मात पहिल्यांदा कोणी मनाला भिडेल असं काही बोललं असावं, तो तिथून लगबगीने निघून गेला.

विमानतळावर मी एकटाच गेलो. तेव्हाचा विमानतळ म्हणजे एक बैठी इमारत आणि पुढे उन्हात तापलेली धावपट्टी. विमान मुंबईमार्गे पुढे जाणार होतं. साहेबांनी जुना गडद सूट घातला होता, तो खांद्यांत सैल झाला होता. आम्ही हात मिळवले.

"तुमच्या मुलींना सलाम सांगा, मिस्टर मुकादम."

"पत्र टाका, साहेब."

ते नुसते हसल्यासारखे झाले. दहा-बारा वर्षं ज्याने घरी पत्र टाकलं नव्हतं, त्याच्याकडून मी वचन मागत होतो.

कुंपणाच्या जाळीशी उभा राहून मी पाहत होतो. उतारू शिडीकडे निघाले. साहेब शिडीशी पहिले पोचले होते, पण तिथे बाजूला झाले. एका बाईला आणि तिच्या मुलाला पुढे जाऊ दिलं. मग दोन व्यापाऱ्यांना, मग एका म्हाताऱ्याला, मग सगळ्यांनाच. शेवटी शिडीखाली ते एकटे उरले, हातात बॅग, मान किंचित वाकलेली. वरून विमानातल्या माणसाने या म्हणून खूण केली. ते एकेक पायरी चढून आत गेले आणि दार लागलं.

विमानाच्या खिडक्या गोल होत्या आणि सगळ्यांवर ऊन चमकत होतं. कोणत्या खिडकीत ते बसले असतील काही कळेना. मी पहिल्या खिडकीकडे बघून हात हलवला, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. असं करत शेवटच्या खिडकीपर्यंत हलवला.